घोटभर चहा

गिळणे या क्रियापदाला मराठीत फारशी प्रतिष्ठा नाही. रागावलेली गृहिणी 'गिळा आता!' म्हणते, तेवढेच ते स्वयंपाकघरात ऐकू येते. एरवी आपण जेवतो, खातो. फार तर आवंढा गिळतो. गेल्या श्रावणात साताऱ्यास माझ्या आईला पक्षाघाताचा झटका आला आणि आमच्या घरात या क्रियापदाखेरीज दुसरा विषय उरला नाही.

पक्षाघाताने हातपाय लुळे पडतात हे सर्वांस ठाऊक असते. पण सुमारे निम्म्या रोग्यांना सुरुवातीला नीट गिळताही येत नाही, हे फार थोड्यांच्या कानावर असते. घास श्वासनलिकेत उतरतो, कधी ठसकासुद्धा लागत नाही, आणि न्यूमोनिया होऊन माणूस दगावतो. त्यातही पाणी आणि चहा अधिक धोक्याचे. घसा सावध होण्याआधीच ते आत घसरतात. आणि आईला हवा होता तो घोटभर चहाच!

माझी नोकरी सांगलीची, म्हणून तिला इकडे आणले. नाकात नळी, नळीतून पेज. साताऱ्याची मंडळी भेटायला येताना कंदी पेढे आणीत आणि 'प्रसाद म्हणून कणभर' असा आग्रह करीत. जिने जन्मभर पंक्तीत आग्रह केला, तिच्या उशाशी बसून आग्रह थोपवणे हे आता माझे काम झाले.

एके दिवशी थोरल्या भावाचा फोन आला. "विजेने गिळणे परत येते म्हणे. पैशाकडे पाहू नकोस." मी मिरजेच्या डॉक्टरांना विचारले.

ते म्हणाले, "गिळण्याचा कारभार मेंदूच्या दोन्ही बाजू पाहतात, पण वरचष्मा एकीचा. मँचेस्टरच्या शाहीन हमदी यांनी १९९६ साली हे दाखवून दिले. कर्ती बाजू पडली की धाकटीने हळूहळू घर चालवायला शिकायचे. पुष्कळ रोगी काही आठवड्यांत सावरतात, ते असे. विजेचे उपचार म्हणजे त्या शिकण्याला हातभार. कोणी गळ्यावर पट्ट्या लावून स्नायूंना सौम्य वीज देतात, कोणी नाकातून बारीक नळी घालून घशातल्या ज्ञानतंतूंना, तर कोणी डोक्याशी चुंबकाचे वेटोळे धरून मेंदूलाच चालना देतात."

"आणि गुण येतो?"

"घशातल्या विजेचेच सांगतो. २०१६ सालच्या १६२ रोग्यांच्या चाचणीत खरा उपचार आणि लुटुपुटीचा उपचार यांत फरक दिसला नाही. २०१८ साली मात्र गळ्याला छेद देऊन श्वासाची नळी बसवलेले ६९ रोगी घेतले. खरा उपचार झालेल्या ३५ पैकी १७ जणांची नळी काढता येईल अशी स्थिती आली. लुटुपुटीच्या ३४ पैकी तिघांचीच."

आईच्या गळ्याला तशी नळी नव्हती. आधी व्यायाम करून पाहायचे ठरले. भावाला ते चिक्कूपणाचे वाटले; दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. स्पीच थेरपिस्ट बाई रोज येऊ लागल्या. ताठ बसायचे, चमचाभरच घ्यायचे, जोर लावून गिळायचे, आणि मग थांबायचे. हे थांबणे आम्हां घरच्यांनाच अधिक जड गेले.

नवरात्रात तपासणी होऊन नळी निघाली. दाट करणारी पूड घातलेल्या चहाला परवानगी मिळाली. आईने चमचा तोंडात घेतला, जोर लावून गिळला आणि जड जिभेने म्हणाली, "हा चहा? ही तर खळ आहे!"

आणि पुढच्या चमच्यासाठी तिने तोंड उघडले.