अंजनेरी : दुकानांच्या दानाचे गाव

नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे जाताना सुमारे वीस किलोमीटरवर अंजनेरीचा डोंगर लागतो. हनुमंताचे जन्मस्थान म्हणून भाविक येतात आणि थेट गडाच्या पायऱ्या गाठतात. पायथ्याच्या गावात क्वचितच कोणी रेंगाळते. व्यापारी कुटुंबांनी तरी तसे करू नये. गावातून निघून, वनातून गड चढून, पुन्हा गावात येणारी ही फेरी सावकाश चालल्यास अख्खा दिवस सहज पुरते.

गावात यादवकालीन मंदिरांचे भग्नावशेष विखुरलेले आहेत. त्यांत जैन मंदिरे बरीच. शिखरे ढासळलेली, तरी द्वारशाखांवरील नक्षी अजून रेखीव आहे. येथील शके १०६३ च्या, म्हणजे इ.स. ११४१-४२ च्या, संस्कृत शिलालेखात यादव राजा सेउणदेव याने चंद्रप्रभ भगवंतांच्या मंदिरास नगरातील तीन दुकाने दिल्याची नोंद आहे. त्याच लेखात वत्सराज नावाच्या धनिक व्यापाऱ्याने लाहड आणि दशरथ यांच्यासह एक दुकान व एक घर अर्पण केल्याचेही कोरले आहे. दिव्याची व पूजेची सोय वर्षानुवर्षे चालावी, तर एकरकमी देणगीपेक्षा चालत्या दुकानाचे उत्पन्न भरवशाचे, हा हिशेब त्या काळच्या पेढीवरही पक्का होता. आज ना ती दुकाने उरली, ना ते नगर. देवालये पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. जतन होते, पण पूजा कुठली?

गाव मागे पडले की वनखात्याची हद्द सुरू होते. खिंडीतील पायऱ्यांच्या वाटेवर एक लहान जैन लेणे आहे. तेथे पाच मिनिटे तरी टेकावे. बहुतेक जण धापा टाकीत पुढे निघून जातात. वर विस्तीर्ण पठार, अंजनीमातेचे मंदिर आणि तळे. कंदिलाच्या आकाराची फुले येणाऱ्या खर्पुडीच्या एका दुर्मीळ जातीचे शास्त्रीय नाव याच डोंगरावरून पडले आहे, आणि २०१७ मध्ये हे क्षेत्र संवर्धन राखीव म्हणून घोषित झाले. ती फुले पावसाळ्यातली. चातुर्मासात जीवदयेपोटी प्रवास टाळणाऱ्यांस ती दिसायची नाहीत. कार्तिकी पौर्णिमेनंतर वाळलेले गवत आणि कोरडी वाट तेवढी मिळते. पठारावर गाडीरस्ता नेण्याच्या योजनेस निसर्गप्रेमींनी विरोध केला, तो योग्यच होता.

उतरून आल्यावर थोडा वेळ हाताशी ठेवावा. अंजनेरीतच १९८० साली स्थापन झालेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. तेथील संग्रहालयात मुलांना जुनी नाणी दाखवावीत आणि सांगावे, की वत्सराजाच्या दुकानाचा गल्ला अशाच नाण्यांनी भरत असेल.