कोठीचे छायाचित्र

घरातील कोठी परक्याच्या दृष्टीस पडू नये, असा आमच्याकडे जुना दंडक. देवस्थानच्या कोठीची गोष्ट निराळी. तेथे तांदूळ, नारळ व नंदादीपाचे तेल यांचा हिशेब कोठावळ्याला चारचौघांत द्यावा लागतो. गृहस्थाची कोठी मात्र अंधारी, आणि किल्ली गृहिणीच्या कनवटीला. तिच्यातील जिन्नस संपला तरी ‘संपला’ म्हणावयाचे नाही. तांदूळ ‘वाढले’, कुंकू ‘वाढले’ असेच म्हणावयाचे. अशा घरातील आम्ही मंडळींनी गेल्या पौषात भोपाळच्या अयोध्यानगरातील आपल्या कोठीचे छायाचित्र काढून साऱ्या आप्तांना व्हॉट्सअ‍ॅपवरून धाडले, हे आमच्या आजीला रुचले नसते. पण मागणी फोंड्याच्या आतेंची होती. त्यांना नाही म्हणणारा आमच्या कुळात अद्याप जन्मावयाचा आहे.

कोठी म्हणजे आता भिंतीतले एक कपाट. खालच्या फळीवर शेजारच्या सीहोर जिल्ह्यातील शरबती गहू. (या गव्हाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या पोळीचा मऊपणा आम्हांस त्यापूर्वीच ठाऊक होता.) त्याच्याजवळ गाडरवाऱ्याची तूरडाळ, बेसन, पोहे. वरच्या फळीवर उकडे तांदूळ, कुळीथ, आमसुले, खोबरेल आणि तेफळांची बरणी. हे सारे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सामानातून येते. गोवा एक्सप्रेस बेळगाव-पुण्याच्या वाटेने आणि मंगला एक्सप्रेस कोकण रेल्वेच्या वाटेने, अशा दोन्ही गाड्या भोपाळला थांबतात, हे आमच्या स्वयंपाकघरावर त्यांचे मोठेच उपकार.

छायाचित्र पाहून कोणी बरण्यांचे, कोणी नीटनेटकेपणाचे कौतुक केले. आतेंनी मात्र ते पत्रिका वाचावी तसे वाचले. खोबरेलाची बाटली पांढरी दिसली, तेव्हा “थंडी बरीच दिसते,” म्हणाल्या; २४ अंशांच्या खाली पारा उतरला की हे तेल थिजू लागते, हे त्यांना पुस्तकावाचून कळते. आमसुले काळीभोर पाहून समाधान पावल्या. सालींना रसाची पुटे नीट चढली, ऊन नीट लागले, म्हणजेच तो रंग येतो. कुळिथाची बरणी तळाला गेली होती. ती पाहून आम्हांस थोडे ओशाळल्यासारखे होत होते, तर त्या म्हणाल्या, “बरे झाले, खाल्ले जाते.”

मग त्या तेफळांपाशी थांबल्या. बरणी काठोकाठ भरलेली. आमच्या सूनबाईंना त्यांनी विचारले, “बाय, तेफळां तशींच आसात?”

प्रश्नाला उत्तर नव्हते. इकडे जन्मलेल्या मुलांना त्या फळाचा उग्र वास सोसत नाही. जिभेला येणारी झिणझिणी ज्याला लहानपणी लागली नाही, त्याला ती मागाहून लावणे कठीण. नातीने तर “हे मिरे का?” म्हणून विचारले होते. रिकाम्या बरणीसाठी आमच्या भाषेत मंगल शब्द आहे. वर्षानुवर्षे न उघडलेल्या भरल्या बरणीला काय म्हणावे, ते कोणी सांगून ठेवलेले नाही.

आतेंनी उपदेश केला नाही. पौष आहे, मुळे आणि रताळी बाजारात असतील, तर येत्या सोमवारी खतखते करा, एवढेच सांगितले. पाच तरी भाज्या घ्याव्या, तूरडाळ शिजवून घालावी, तेफळांतील काळे बी टाकून टरफले किंचित चेचून शेवटी सोडावी, वाटू नयेत.

तसे केले. डाळ खालच्या फळीची, तेफळे वरच्या. नातीने टरफले वेचून ताटाच्या कडेला ठेवली आणि रस्सा दुसऱ्यांदा मागितला. तिने काढलेले ताटाचे छायाचित्रही फोंड्यास गेले. त्यावर आतेंचा उलट प्रश्न आला, तिकडे मुळे काय भावाने मिळतात?