शोधाच्या किमतीचा इतिहास

१/ १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश मुंबईत प्रसिद्ध झाला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दसंख्या ६०,००० च्या घरात गेली. एवढ्या कोशात मधला शब्द पाहायचा, मग उरलेल्या अर्ध्यातला मधला, असे करत गेल्यास १६ तुलनांत कोणताही शब्द गाठता येतो. ही रीत जुनी आहे. तिच्या किमतीचा काटेकोर हिशेब मात्र विसाव्या शतकातला.

२/ सगळे शब्द सारखेच विचारले जात नाहीत. वर्णक्रम न मोडता, अधिक विचारले जाणारे शब्द शोधाच्या पहिल्या पायऱ्यांवर कसे आणावेत? १९५९ मध्ये गिल्बर्ट आणि मूर यांनी यावर रीत दिली. १९७१ मध्ये डोनाल्ड नूथ यांनी तिचे श्रम घटवले: १,००० शब्दांसाठी ढोबळमानाने १ अब्ज पायऱ्यांऐवजी १० लाख. अशा रचनेला 'ऑप्टिमल बायनरी सर्च ट्री' म्हणतात.

३/ सूत्र असे: एखादा शब्द मुळाशी ठेवला, तर
खर्च = डाव्या भागाचा खर्च + उजव्या भागाचा खर्च + सर्व शब्दांचे एकूण वजन.
वजन म्हणजे तो शब्द किती वेळा विचारला जातो ती संख्या. प्रत्येक शब्द मुळाशी ठेवून पाहायचा आणि सर्वांत कमी खर्च निवडायचा. पण दोन्ही भागांचा खर्च आधीच मोजलेला असताना हे एकूण वजन पुन्हा कशासाठी?

४/ मी मोरा बंदराजवळ राहतो, म्हणून मला त्याचे उत्तर धक्क्यावर दिसते. भाऊच्या धक्क्याहून आलेल्या लाँचमधला प्रवासी पुढे कुठेही जावो, त्याचे पहिले पाऊल मोऱ्याच्या धक्क्यावरच पडते. मूळ हा तसाच धक्का. प्रत्येक शोध तिथे एक तुलना मोजतो. कुणाचा तिथेच संपतो, बाकीचे एकेक पायरी खाली ढकलले जातात. एकूण वजन ही त्या पहिल्या पावलांची बेरीज होय.

५/ वर्णक्रमाने तीन शब्द घेऊ: ओहोटी, बोट, भरती. १० शोधांपैकी अनुक्रमे १, २ आणि ७ त्यांचे. मधला 'बोट' मुळाशी ठेवला तर खर्च २ + २ + १४ = १८. 'भरती' मुळाशी ठेवला तर डाव्या भागाचा कमीत कमी खर्च ४, उजवा ०, एकूण वजन १०, बेरीज १४. दिसायला समतोल असलेला वृक्ष महाग पडला.

६/ मात्र या १४ मध्ये 'ओहोटी' तिसऱ्या पायरीवर गेली. ही वजने शहरातल्या वाचकाची आहेत असे समजू. बंदरावरच्या माणसाचे शोध ५, १ आणि ४ असले, तर हाच वृक्ष त्याला २१ ला पडेल. 'ओहोटी' मुळाशी असलेला केवळ १६ ला. सूत्र दोघांसाठी एकच, पण एकाचा उत्तम वृक्ष दुसऱ्याला महाग.

७/ इतिहासाच्या अभ्यासकाने इथे थांबावे. सूत्र खर्च कमी करते. वजने ते ठरवत नाही, ती त्याला दिली जातात. कोश, दप्तर वा सूची हाती आली की ती किती जलद चालते हे पाहावेच. पण कोणाचे प्रश्न मोजून ती रचली गेली, हेही विचारावे. मोजणीत जो नव्हता, त्याचा शब्द कोशात असतो. फक्त फार खोल असतो.