‘ळ’चे बटण

ग्रंथाच्या शेवटी जी सूची असते तिच्याविषयी आपण साहित्याची माणसे फारसे बोलत नाही. सूची नसली तर परीक्षणात तक्रारीचे एक वाक्य येते. असली तर तेवढेही येत नाही. आणि कोशाचा अकारविल्हे क्रम तर आपण ऋतुचक्रासारखा गृहीत धरलेला असतो. लहानपणी पाटीवर गिरवलेली ती ओळ. तिच्यात विचार करण्यासारखे काय असणार? गेली दोन वर्षे मात्र हा क्रम माझ्या डोक्यात ठाण मांडून बसला आहे.

निमित्त झाले वऱ्हाडी शब्दांच्या एका संग्रहाचे. मी अमरावतीत मराठी शिकवतो. वर्गात, एसटीत, बाजारात कानावर पडलेला शब्द कार्डावर टिपून ठेवायची माझी जुनी सवय आहे. उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) शिकवायला घेतली की त्या कार्डांत हमखास भर पडते. अकोल्याचा माझा एक जुना विद्यार्थी संगणकाच्या आज्ञावल्या लिहितो. कार्डांचे खोके पाहून तो म्हणाला, हे फोनवर चालेल असे करून देतो. योजना साधी होती. पडद्यावर शब्दांची यादी, उजव्या कडेला अक्षरांची उभी पट्टी; अक्षरावर बोट ठेवले की यादी सरकून तिथे यावी. फोनमधल्या नावांना असते तशी. शब्दांच्या जोडीला वऱ्हाडाशी नाते असलेल्या जुन्या ग्रंथांची एक छोटी सूचीही त्याच पट्टीवर चालवायची होती.

अशा पट्टीच्या मागे यंत्र काय करते ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे भांडण त्यातूनच निघाले. आधी सगळे शब्द क्रमाने लावावे लागतात. मग प्रत्येक शब्द कोणत्या अक्षराच्या घरात बसतो ते ठरवावे लागते. मग बोट पडले की त्या घरातला पहिला शब्द यादीत कितवा आहे तो शोधायचा. हे शेवटचे काम यंत्र डोळ्याचे पाते लवायच्या आत करते. पहिल्या दोन कामांत त्याला स्वतःची अक्कल नाही. तिथे कोणीतरी नियम सांगावा लागतो, आणि नियम सांगणाऱ्याला मराठीचा क्रम नेमका कोणता ते ठाऊक असावे लागते.

यंत्राचा स्वतःचा एक क्रम असतोच. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक आहे आणि देवनागरीचे क्रमांक १९८८च्या ‘इस्की’ या भारतीय मानकाच्या आधाराने ठरलेले आहेत. ते मानक सगळ्या भारतीय लिप्यांना एकाच चौकटीत बसवणारे होते, त्यामुळे तिथे ल, मग ळ, मग तमिळसाठीचा ऴ आणि मग व अशी रांग लागते. आपण शिकलो ती रांग वेगळी: ल, व, श, ष, स, ह आणि मग ळ. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत ळ असला तरी अभिजात संस्कृतच्या वर्णमालेत त्याला जागा नव्हती. मराठीने तो शेवटी जोडून घेतला, आणि त्याच्याही मागे क्ष आणि ज्ञ बसवले. म्हणजे क्रमांकांवर विसंबले तर ‘काळ’ हा शब्द ‘काल’ आणि ‘काव्य’ यांच्यामध्ये येतो. मराठी रीतीने तो ‘काहूर’च्याही नंतर यायला हवा. शब्दच्या शब्द पाने ओलांडून जातात. युनिकोडवाल्यांनाही हे ठाऊक आहे. भाषाभाषांचे नियम साठवणारे त्यांचे सीएलडीआर नावाचे भांडार आहे. त्यात मराठीसाठी ह, ळ, क्ष, ज्ञ हा क्रम वेगळा नोंदलेला आहे. पण तो आपणहून लागू होत नाही, मागावा लागतो. मागत कोणी नाही, म्हणून मराठी नावांच्या कितीतरी याद्या आजही परक्या क्रमाने लागलेल्या दिसतात आणि आपण त्या मुकाट्याने वाचतो.

क्ष आणि ज्ञ यांची कथा आणखी निराळी. यंत्राच्या लेखी क्ष हे अक्षरच नाही. क, हलन्त आणि ष अशी ती तीन चिन्हे. घर ठरवताना आज्ञावलीने शब्दाचे पहिले चिन्ह तेवढे उचलले की ‘क्षमा’ क मध्ये आणि ‘ज्ञानेश्वर’ ज मध्ये जातात. संस्कृतचा विद्यार्थी म्हणेल, यात चूक काय? आपट्यांच्या कोशात क्ष क मध्येच असतो. बरोबर आहे. पण शाळेत ‘क्ष, ज्ञ’ म्हणत वर्णमाला संपवलेला मुलगा ज्ञानेश्वर शोधायला ज उघडणार नाही. व्युत्पत्ती बरोबर की हात जिथे जातो ते बरोबर, या प्रश्नाला कोशकारांनीही एकच उत्तर दिलेले नाही. अनुस्वाराचे तसेच. एका रीतीत ‘अंक’ हा ‘अकरा’च्या आधी येतो, परसवर्णाची रीत मानली तर तो ‘अङ्क’ समजून पुष्कळ पुढे ढकलला जातो. आम्ही पहिली रीत घेतली, कारण परसवर्णाची आठवण आता फक्त आम्हा शिक्षकांना उरली आहे.

‘अकारविल्हे’ या शब्दातला ‘विल्हे’ आणि ‘विल्हेवाट’ यातला ‘विल्हे’ एकच. शब्द क्रमाने लावताना काहींची विल्हेवाट लागतेच.

पट्टीच्या लांबीचाही प्रश्न होताच. रोमन अक्षरे सव्वीस. फोनच्या उंचीत ती मावतात. स्वर, व्यंजने, ळ, क्ष, ज्ञ धरून मराठीची पन्नासच्या घरात जातात, आणि एवढ्या बारीक अक्षरांवर माणसाचे बोट पडत नाही. माझ्या विद्यार्थ्याने आधी काही अक्षरे गाळून पाहिली, मग पट्टीच काढून टाकली. तिच्या जागी त्याने वर्गांचा चौकोन मांडला: क-वर्गाची ओळ, तिच्याखाली च-वर्ग, ट, त, प, पाचाच्या पाच ओळी. वर स्वर, खाली य पासून ज्ञ पर्यंत. पाहिल्याबरोबर मला वाटले, हेच खरे. ए पासून झेड पर्यंतच्या रांगेला परंपरेखेरीज आधार नाही, म्हणून तिला पट्टी पुरते. आपली वर्णमाला कंठापासून ओठांपर्यंत उच्चाराची स्थाने मोजत जाते. उभ्या ओळीत घोष-अघोष, अल्पप्राण-महाप्राण जुळतात. ती मुळातच एक तक्ता आहे. परकी पट्टी तिच्यावर इतकी वर्षे का लादली, हा प्रश्न अमरावतीच्या प्राध्यापकाला पडावा आणि फोन बनवणाऱ्यांना पडू नये, याचे मला नवल वाटते.

चौकोनाने एक पेच मात्र उघडा केला. पट्टीतून अक्षर गाळले तर कोणाच्या लक्षात येत नाही; चौकोनात भोक पडते. ङ आणि ञ यांनी सुरू होणारा शब्द आमच्याकडे एकही नव्हता. ती बटणे फिकट करून ठेवली. ण सुद्धा फिकट होणार होता, पण ग्रंथसूचीने त्याला वाचवले. १९३३ मध्ये कारंज्याच्या जैन ग्रंथमालेत पुष्पदंताचे अपभ्रंश काव्य छापले गेले. संपादक हिरालाल जैन, अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक. काव्याचे नाव ‘णायकुमारचरिउ’. (मध्यप्रांत-वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ मध्ये प्रसिद्ध करणारे रायबहादूर हिरालाल ते वेगळे, ह च्या घरात दोघे शेजारी बसतात आणि विद्यार्थी त्यांना एक समजतात.) प्राथमिक शाळेत ‘ण बाणाचा’ म्हणताना ज्या अक्षराला स्वतःचा शब्द मिळाला नाही, त्याला आमच्याच गावातल्या एका प्राध्यापकाने ग्रंथ मिळवून दिला होता. त्या एका नोंदीसाठी ण चे बटण जागे राहिले.

महानुभाव पोथ्यांनी याहून कठीण परीक्षा घेतली. रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातच आहे; अलीकडे मराठी भाषा विद्यापीठही तिथेच स्थापन झाले. त्या परंपरेत संग्रह लावण्याच्या इतर रीती होत्या, हे आपण विसरतो. ‘स्थानपोथी’ चक्रधरांच्या वास्तव्याची ठिकाणे सांगते, आणि तिला सूत्र आहे ते वाटेचे, अक्षराचे नव्हे. केसोबासांनी लीळांतली वचने वेचून ‘सूत्रपाठ’ लावला तो प्रकरणांनुसार. अकारविल्हे क्रम हा अर्थाशी काहीही देणेघेणे नसलेला क्रम आहे. त्याची ताकद तीच आणि त्याचा कोरडेपणाही तोच. पण पोथीतले शब्द त्यात घालायला जावे तर पोथीत एक चा ‘येक’ असतो, ओवीची ‘वोवी’, आणि ख च्या जागी अनेकदा ष. तेच शब्द स्वरांच्या घरातून उठून य आणि व मध्ये, क-वर्गातून निघून पार शेवटच्या ओळीत जातात. लेखनिकाने लिहिले तसे ठेवावे की आजच्या रूपाकडे न्यावे? आम्ही लिहिले तसे ठेवले आणि दुसऱ्या घरात फक्त वाट दाखवणारी खूण ठेवली.

हाच नियम वऱ्हाडी शब्दांना लावला आणि खरी पंचाईत तिथे झाली. वऱ्हाडीत विहिरीची ‘इहीर’ होते. शब्द व मधून उठून स्वरांत येतो. आणि ळ चा य होतो: डोळ्याचा ‘डोया’, शाळेची ‘शाया’, केळीची ‘केयी’. अकोल्याचे विठ्ठल वाघ यांच्या संग्रहाचे नाव ‘काया मातीत मातीत’. ‘अरे संसार संसार’ (१९८१) या चित्रपटातून महाराष्ट्रभर पोहोचलेले त्यांचे गाणे लोक ‘काळ्या’ म्हणून ओळखतात. एकाच कवीच्या एकाच ओळीची ही दोन नावे आमच्या मराठी क्रमात एकमेकांपासून दूर जाऊन पडली: ‘काया’ कारणाच्या आधी, ‘काळ्या’ काहुराच्या नंतर. गंमत म्हणजे यंत्राच्या त्या परक्या क्रमात दोघे बरेच जवळ होते.

आणि ज्या बोलीचा हा संग्रह, तिचे नावही यंत्राला नीट ओळखता येईना. ‘वऱ्हाडी’तला तो अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो, एकात वेगळा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण साध्या तुलनेत यंत्राला ते दोन शब्द वाटतात. एका रीतीने शोधणाऱ्याला दुसऱ्या रीतीचा ‘वऱ्हाडी’ सापडतच नाही. दोन्हींना आधी एक करून मगच क्रम लावायचा, असा नियम आज्ञावलीत सर्वांत वर गेला.

राहिला ळ. मराठीत ळ ने सुरू होणारा शब्द नाही, वऱ्हाडीत तर हे अक्षर तोंडातूनच निसटते. माझ्या विद्यार्थ्याचे म्हणणे सरळ होते.

“सर, ह्या अक्षरावर एकबी शब्द नाई. मंग बटन कायले ठेवाचं?”

तो माझ्याशी एरवी प्रमाण मराठीत बोलतो. या कामात मात्र तो हळूहळू घरच्या बोलीवर आला होता, आणि ते मला आवडत होते. मी म्हटले, ङ ठेवलास ना? तो म्हणाला, ङ मुळे कोणाचे गुण कापले जात नाहीत.

हे उत्तर ऐकून मी गप्प झालो. आमच्याकडच्या उत्तरपत्रिका ज्यांनी तपासल्या आहेत त्यांना तो काय म्हणत होता ते कळेल. ‘शाया’ लिहिले की लाल रेघ येते. मग पोर धास्तावते आणि जिथे य बरोबर आहे तिथेही ळ घालू लागते. ‘पायरी’ची ‘पाळरी’ झालेली मी पाहिली आहे. तो अडाणीपणा नसतो. नियम पुरता पाठ झाल्याचा तो पुरावा असतो. चुकत असेल तर आपलाच उच्चार, हे त्या मुलाने इतके मनावर घेतलेले असते की खरा य सुद्धा त्याला संशयास्पद वाटतो. अशा मुलाच्या फोनवर, त्याच्याच बोलीच्या कोशात, उघडल्यावर काहीच न दाखवणारे ळ चे बटण ठेवायचे का, असा तो प्रश्न होता. आणि काढून टाकले तर पुण्या-नाशिकच्या वाचकाने ‘केळी’ कुठून शोधावी, हा दुसरा.

पहिला तोडगा त्याचाच. ळ दाबला की ज्या शब्दांत ळ चा य झाला आहे ते सगळे दिसावेत. मला त्यात एक खोट दिसली: ‘डोळा’ मूळ आणि ‘डोया’ त्याचा बिघाड, असा अर्थ त्यातून निघतो, आणि बोलींच्या बाबतीत हा अर्थ आपण फार काळ पसरवला आहे. यावर आमचे तीन आठवडे गेले. अमरावती-अकोला रस्त्यावर मूर्तिजापूरला आम्ही दोघेही अर्ध्या वाटेवर भेटायचो आणि चहाच्या टपरीवर बटणावरून हुज्जत घालायचो. टपरीवाल्याला आम्ही शिवणकामातली माणसे वाटलो असलो तर नवल नाही.

ठरले ते असे. ‘डोया’ ही ड च्या घरातली मुख्य नोंद. अर्थ, उपयोग, म्हणी सगळे तिथे. ‘डोळा’ त्याच नोंदीत शेवटी, इतर ठिकाणी असे म्हणतात, एवढ्या उल्लेखापुरता. ळ चे बटण राहिले, फिकट न करता राहिले, आणि ते दाबले की बाहेरून आलेल्या वाचकाला आत नेणारी यादी उघडते. तिच्यात शब्द प्रमाण रूपाने लावावेत की वऱ्हाडी, हे विद्यार्थ्याने मला विचारले नाही. त्याने लावूनच पाठवली: आधी केयी, मग डोया, मग फयी, मग शाया.