ध्रुवावरचे बर्फ आणि माझा बांध

2019 सालची गोष्ट. पिशोरजवळच्या एका गावात आम्ही मारुतीच्या पारावर बैठक घेतली होती. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून गावच्या पाण्याचे नियोजन करायचे होते. हवामान का बदलते हे सांगावे म्हणून मी थेट उत्तर ध्रुवापासून सुरुवात केली. तिकडचे समुद्रावरचे बर्फ वितळते आहे, 2012 च्या सप्टेंबरात ते उपग्रहांच्या नोंदी सुरू झाल्यापासून सर्वांत कमी उरले होते, असे मी सांगत होतो. तेवढ्यात मागून एक आजोबा म्हणाले, "साहेब, एवढं पाणी व्हायलंय तिकडं, तर थोडं आमच्या अंजनेत सोडा की!"

सगळा पार हसला. मीही हसलो.

हसणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही. मार्चअखेर सोसायटीचे कर्ज फेडायचे, अद्रकीचा भाव आज काय आणि उद्या काय. त्यात पन्नास वर्षांनंतरच्या समुद्राचे कोण ऐकणार? पण शेतकऱ्याला लांबचे दिसत नाही असे मात्र कोणी म्हणू नये. नातवासाठी आंबा लावणारा माणूस आमच्याच गावात राहतो.

आता त्या बर्फाचा आपल्याशी संबंध काय ते ऐका. पत्र्याला चुना मारला की घर थंड राहते ना? ध्रुवावरचे पांढरे बर्फ पृथ्वीसाठी तेच करते. ते वितळले की खालचे काळसर पाणी ऊन पिऊन घेते आणि तापमान आणखी वाढते. ज्या उष्णतेने तिकडे बर्फ जाते, तीच आपला अरबी समुद्र तापवते. हवा एका अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरून ठेवते, आणि पडते तेव्हा एकदम ओतते. मध्य भारतात मोठ्या टापूवर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिप्पट झाल्या, असे पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2017 साली दाखवून दिले.

हे सगळे मला पाठ होते. आणि त्याच 2017 साली मी काय केले?

आमच्या रानाला वरच्या अंगाने तात्यांनी घातलेला दगडी बांध होता. 1972 च्या दुष्काळात ते सरकारी कामावर खडी फोडायला गेले, सुकडी खाऊन दिवस काढले, आणि पुढच्या उन्हाळ्यांत घरच्या रानात एकेक दगड रचला. मी तेव्हा पाळण्यात होतो. तात्या गेल्यावर मी जेसीबी लावून तो बांध कोरून निम्मा केला. का, तर अद्रकीचे दोन गादीवाफे जास्त बसत होते! आई एवढेच म्हणाली, "त्यांनी काय उगाच घातला व्हता?" बी.एस्सी. झालेल्या मुलाने तिला हिशेब समजावून सांगितला.

2021 च्या ऑगस्टअखेर, ज्या रात्री कन्नडच्या औट्रम घाटात दरडी कोसळल्या, त्याच रात्री आमचा बांध फुटला. सकाळी पाहतो तर गादीवाफे नाहीत, ठिबकच्या नळ्या ओढ्याच्या बाभळीला गुंडाळलेल्या, आणि रानात नुसता मुरूम. इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात, हे मी किती बैठकांत सांगितले असेल! आई बांधावर बसून होती. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

आठवडाभराने ते पारावरचे आजोबा आले. रान पाहून म्हणाले, "साहेब, तुमचं ते बर्फ इथवर आलं म्हणायचं." या वेळी कोणी हसले नाही. जाताना त्यांनीच दोन दगड उचलून जागेवर ठेवले.

आता बांध पुन्हा तात्यांच्या रुंदीचा केला आहे. पाणी जायला मधे सांडवा काढला, वर मारवेल गवत लावले, तलावातला गाळ आणून टाकला. वाफे दोन कमी झाले. बैठकीत आता मी बांधापासून सुरुवात करतो. ध्रुवाचे लोक स्वतःच विचारतात.

2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पुन्हा आभाळ फाटले. आमचा सांडवा दोन दिवस वाहत होता, पण बांध उभा राहिला. खालच्या कोपऱ्यात मात्र एके ठिकाणी पाझरतो आहे. आई रोज विचारते, तिथे दगड कधी घालतोस.