दाढ एक, हिशेब दोन

आपल्या सीमाभागात काही म्हणी दोन्ही भाषांत सुखाने नांदतात. मराठीत आपण म्हणतो, 'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत.' कन्नडमध्ये हेच, 'हल्लिद्दाग कडले इल्ल, कडले इद्दाग हल्लिल्ल.' मी कॉलेजात मराठी शिकवते. दातखीळ बसणे, दात-ओठ खाणे, दाताच्या कण्या करणे असे वाक्प्रचार वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. पण या म्हणीचा खरा अर्थ कळला तो वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. घरात चण्यांची थोडीफार सोय झाली आणि नेमकी दाढच गेली.

खालची, डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ. ही दाढ सहाव्या-सातव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागून गुपचूप येते, म्हणून पुष्कळ घरांत तिलाही दुधाचीच समजतात. खरं तर ती कायमची असते आणि चावण्याचं मोठं काम तिच्याकडेच असतं. माझ्या या दाढेचं पंधरा वर्षांपूर्वी रूट कॅनाल झालं होतं. २०२३ च्या मे महिन्यात ती मुळापर्यंत उभी चिरली. अशी चीर गेली की दाढ ठेवून उपयोग नसतो, असं डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं. दाढ काढली. जीभ दिवसभर त्या खड्ड्यात जाऊन बसायला लागली.

आता पुढे काय? डॉक्टरबाईंनी तीन वाटा सांगितल्या. पहिली, काढता-घालता येणारा दात. खर्च अडीच हजार. दुसरी, पूल, म्हणजे ब्रिज. त्यात शेजारचे दोन दात घासून त्यांच्या आधाराने मधला दात बसवायचा. खर्च पंधरा हजार. तिसरी, इम्प्लांट. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवायचा, हाड त्याला धरेपर्यंत थांबायचं आणि मग त्यावर दाताची टोपी चढवायची. शेजारच्या दातांना हात लागत नाही. एकूण खर्च चाळीस हजार.

चाळीस हजार! घरी आल्यावर शेजारच्या अक्कांना सांगितलं, तर त्यांनी गालावर हातच ठेवला. "नलवत्त साविर? ओंद हल्लिगा?" एका दातासाठी चाळीस हजार? तेवढ्यात अर्ध्या तोळ्याहून जास्त सोनं आलं असतं, असा त्यांचा हिशेब. तो चुकीचा नव्हता. आमच्यासारख्या घरांत खर्चाची एक रांग असते. मुलीची फी, घराचा हप्ता, सासूबाईंची औषधं, पै-पाहुणे, लग्नकार्यं. या रांगेत बाईचा दात कुठे उभा राहणार? तोही मागचा, हसताना न दिसणारा. आमच्या आरोग्य विम्याच्या पॉलिसीतही अपघात सोडला तर दातांचा खर्च बसत नव्हता.

महिनाभर मी सगळ्यांना एकच सांगत होते, "महाग आहे हो." एकदा रात्री जेवताना आमच्या ह्यांनी शांतपणे विचारलं, "समजा, उद्या कोणी फुकट करून देतो म्हणालं, तर जाशील?"

मी उत्तर दिलं नाही. हाडात भोक पाडणार, ही कल्पनाच मला सोसवत नव्हती.

तेव्हा एक गोष्ट लक्षात आली आणि तीच सांगण्यासाठी हा लेख. खर्च आणि भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण आपल्याकडे त्या एकमेकींच्या पदराआड लपतात. भीती वाटत असली की आपण म्हणतो, 'परवडत नाही.' आणि खरोखर परवडत नसलं की म्हणतो, 'मला बाई भीती वाटते.' पैसे नाहीत हे सांगायची लाज आणि भितो हे सांगायचीही लाज. अशाने दोन्हींतला एकही प्रश्न सुटत नाही, कारण भीतीवर पैशाचा इलाज चालत नाही आणि पैशावर धीराचा.

म्हणून एका वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं 'भीती', उजवीकडे 'खर्च'. मनात येईल ते त्या-त्या रकान्यात टाकलं. दुखेल का? तोंड वाकडं होईल का? स्क्रू निघून आला तर? हे सगळं डावीकडे. स्कॅनचे किती? टोपीचे वेगळे का? पैसे एकदम द्यायचे की टप्प्याने? हे उजवीकडे. ते पान घेऊन मी पुन्हा दवाखान्यात गेले. डॉक्टरबाई धारवाडकडच्या, कन्नडभाषक. माझ्या मराठी यादीचं मी तोडक्यामोडक्या कन्नडमध्ये भाषांतर करत गेले आणि त्या अर्ध्या मराठीत उत्तरं देत गेल्या.

डावा रकाना आधी. जागा बधिर केल्यावर दुखत नाही, पण दाब आणि थरथर जाणवते, हे त्यांनी सरळ सांगितलं. खालच्या जबड्यातून एक मोठी नस जाते. तिला धक्का लागला तर ओठ-हनुवटी बधिर राहू शकते. म्हणूनच आधी जबड्याचा स्कॅन काढून हाडाची उंची-रुंदी आणि नसेचं अंतर मोजतात. 'तोंड वाकडं होईल का' या माझ्या प्रश्नाच्या मागे कुठेतरी हीच ऐकीव गोष्ट होती. तिला नाव मिळालं, मोजमाप मिळालं, आणि ती निम्म्याने लहान झाली. स्क्रू हाडाने धरलाच नाही तर? असं थोड्या जणांच्या बाबतीत होतं. मग तो काढून, जागा भरू देऊन पुन्हा प्रयत्न करता येतो. साखर आटोक्यात नसेल, तंबाखू, विडी-सिगारेट किंवा मिश्रीची सवय असेल, तर हा धोका वाढतो. आपल्या भागात मिश्री लावणाऱ्या बायका काही कमी नाहीत, म्हणून हे मुद्दाम लिहिते. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणीही त्यांनी आधी करून घेतली.

हे टायटॅनियम हाडाला चिकटतं हे कळलं कसं, त्याची हकिगत मला फार आवडली. १९५२ साली पर-इंग्वर ब्रेनमार्क नावाचे स्वीडिश संशोधक हाडातला रक्तप्रवाह कसा चालतो ते पाहत होते. त्यासाठी सशाच्या पायाच्या हाडात त्यांनी टायटॅनियमची छोटी नळी बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती काढायला गेले, तर निघेना! हाडाने तिला आपलंसं केलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. तो रुग्ण २००६ साली वारला, तोवर, म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त काळ, ते त्याच्या कामी आले. म्हणजे हे काल-परवा निघालेलं फॅड नव्हे.

आता उजवा रकाना. चाळीस हजार हा आकडा एकदम ऐकला की छातीत धस्स होतं. फोड केली तेव्हा तो असा निघाला: स्कॅनचे अडीच हजार, स्क्रू बसवण्याचे चोवीस हजार, वरच्या जोडाचे आणि टोपीचे बारा हजार, औषधं वगैरे दीड हजार. हाड कमी पडलं तर ते भरण्याचे आणखी आठ हजार लागतील, हेही त्यांनी आधीच कागदावर लिहून दिलं. माझ्या बाबतीत ते लागले नाहीत. मुख्य म्हणजे स्क्रू आणि टोपी यांच्यात तीन-साडेतीन महिन्यांचं अंतर होतं. हाडाला वेळ हवा आणि आपल्या खिशालाही वेळ हवा, असा हा दुर्मिळ योग!

आमच्या गल्लीत बारा जणींची भिशी आहे, महिना दोन हजारांची. ऑक्टोबरचा नंबर माझा होता. चोवीस हजार तिथून आले. टोपीचे बारा हजार ऑक्टोबर ते जानेवारी असे चार महिने पगारातून तीन-तीन हजार बाजूला टाकून जमले. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण थोडं-थोडं कोरून दात मात्र बसवता येतो. भिशीच्या पैशातून यंदा काय घेतलंस, असं मैत्रिणींनी विचारलं तेव्हा मी तोंड उघडून दाखवलं.

ऑक्टोबर २०२३ मधल्या एका शनिवारी स्क्रू बसवला. खुर्चीत बसल्यावर दातखीळ बसणे या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग माझा मीच केला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "अंजब्याड्री. नोवादर एडगै म्याल माड्री." भिऊ नका, दुखलं तर डावा हात वर करा. आपण एक हात वर केला की समोरचा माणूस थांबेल, हा भरवसा त्या सुईइतकाच उपयोगी पडला. सुई टोचली ते कळलं. नंतर गार पाण्याची धार, घरघर, जबड्यावर दाब. शेवटी स्क्रू आवळताना सुतार पाना फिरवतो तसं काहीसं. हात मी एकदाच वर केला, तोही दुखलं म्हणून नव्हे, खरंच थांबतात का ते पाहायला. त्या थांबल्या. हसल्या. पुन्हा कामाला लागल्या.

घरी आल्यावर गालावर बर्फ, दोन दिवस सूज, गोळ्या, गार दूधभात आणि दहीभात. कुंदा चालेल का, असं विचारून घेतलं होतं. गरम नको, एवढंच पथ्य निघालं. बेळगावात राहण्याचे काही फायदे आहेतच. आठवड्याने टाके काढले. सोमवारी मी वर्गावर होते. दिवाळीची चकली उजव्या बाजूने खाल्ली, संक्रांतीचा तिळगूळ जिभेवर विरघळवला आणि जानेवारी २०२४ च्या अखेरीस टोपी बसली. पहिल्याच आठवड्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी डाव्या बाजूने खाल्ली. तो कुरकुर आवाज कानाला फार बरा वाटला.

खरं सांगायचं, तर ती अगदी आपल्या दाढेसारखी नाही. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती एक पातळ पडदा असतो. त्यामुळे बारीक खडा आला तरी दाताला लगेच कळतं. स्क्रूभोवती तो पडदा नसतो, म्हणून ही दाढ थोडी ठोंब्या पाहुण्यासारखी वाटते; काम करते, पण चटकन सांगत नाही. तिला कीड लागत नाही, पण भोवतालच्या हिरडीला सूज येऊन हाड झिजू शकतं. तेव्हा रोजची सफाई आणि ठरल्या वेळी तपासणी चुकवता येत नाही.

आणि इम्प्लांट म्हणजेच सर्व काही, असंही नाही. हे आमच्या सासूबाईंनी दाखवून दिलं. वय अठ्ठ्याहत्तर, मधुमेह. माझं वहीचं पान त्या लांबून बघत होत्या. एके दिवशी म्हणाल्या, "माझं पण लिही की त्यात." मी पेन घेतलं. भीतीच्या रकान्यात त्यांनी लिहायला लावलं: 'ऑपरेशन नको.' खर्चाच्या रकान्यात: 'पोराला भार नको.' नुसतं वय इम्प्लांटच्या आड येत नाही, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. पण त्यांना ते नकोच होतं, आणि नको म्हणण्याचा त्यांना हक्क होता. आपल्या बेळगावात दंत महाविद्यालयं आहेत. तिथे शिकाऊ डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो, पण खर्च पुष्कळ कमी येतो. तिथे पाच-सहा फेऱ्या मारून त्यांची कवळी झाली.

मी सून म्हणून या घरात आल्याला बावीस वर्षं झाली. त्यातली निदान दहा वर्षं सासूबाई भाकरी आमटीत कुस्करूनच खात होत्या. विचारलं की म्हणायच्या, "मला अशीच आवडते." कवळीची सवय झाल्यावर एक दिवस त्यांनी ताज्या भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि सावकाश चावून खाल्ला. कडक भाकरी त्यांना आजही जमत नाही, पण कुस्करणं थांबलं. 'आवडते' या शब्दाचा अर्थ मला, मराठीच्या प्राध्यापिकेला, त्या दिवशी नव्याने कळला.

दाताचं दुखणं निदान ओरडतं तरी. दात गेल्यानंतरची अडचण मात्र गप्प असते. माणूस एकेक पदार्थ सोडत जातो आणि 'आता नको वाटतं' म्हणत राहतो. घरातलं कोणी शेंगदाणे बाजूला काढत असेल, काकडी नको म्हणत असेल, भाकरी भिजवत असेल, तर दोन प्रश्न वेगवेगळे विचारून पाहा. भीती वाटते का? आणि पैशाची काळजी आहे का? मराठीत विचारा, कन्नडमध्ये विचारा; पण एका वेळी एकच विचारा.