सासूबाईंचा जमखाना

बेळगावकडे आमच्या घरात त्याला सतरंजी कुणी म्हटलेच नाही, जमखानाच. शब्द कन्नड की मराठी, हा वादही कधी झाला नाही. सासूबाईंनी नवलगुंदहून आणलेला तो जमखाना बारशी, हळदीकुंकू, तेराव्याची बैठक असे सारे सोसून माळ्यावर गेला. फ्लॅटमध्ये बारा फूट पसरायचे कुठे? मुलगा म्हणाला, "आई, मोबाईलवर विकायला टाकू."

गच्चीत पसरून फोटो काढले. गिऱ्हाइके विचारू लागली, गाठी किती? अहो, गाठी काश्मिरी गालिच्याला! ही ताण्याबाण्याची सपाट वीण, दोन्ही बाजूंनी वापरावी. दशाही मागाहून शिवलेल्या नव्हेत, ताण्याचीच टोके. नवलगुंदला बायकाच उभ्या मागावर हे सुती काम करतात. २०११ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मी हे मराठीत लिहिले, कन्नडमध्येही लिहिले. दोन्ही भाषांतून उत्तर एकच : "शेवटचा भाव बोला."

हुबळीच्या एका बाईंनी मात्र विचारले, डाग कसले? "एक हळदीचा, एक चहाचा," मी कळवले. त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, "असू देत. घरातला आहे, हे कळते."

त्यांच्यापेक्षा जास्त देणारे दोघे होते. जमखाना हुबळीला गेला. जुन्या वस्तूचा भाव घेणारा ठरवतो. तिने कुणाच्या घरी नांदावे, एवढे तरी आपल्या हाती असावे.